स्टँडर्ड हेराल्ड वळणावर मागून उचलते: दुरुस्तीनंतरही हा त्रास परत का येतो

तक्रार साधारण अशी असते. सरळ रस्त्यावर गाडी ठीक चालते. वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचा भाग वर येतो, बाहेरचं मागचं चाक खालून आत दुमडल्यासारखं होतं आणि शेपूट बाहेर फेकली जाते. मालक शॉकअप बदलतो, पाट्यांना (पोलादी पानांच्या स्प्रिंगला) कमान देऊन आणतो, अलाइनमेंट करतो. थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. कधी कधी तर पाटे करून आणल्यावर गाडी आधीपेक्षा वाईट वागते.

ही गाडी अशी का वागते हे समजून न घेता केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा उलट्या दिशेला जाते, म्हणून आधी रचना पाहू.

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये 1959 साली आली. बॉडीचं डिझाइन जिओव्हानी मिकेलॉत्तीचं, तांत्रिक बाजू हॅरी वेबस्टरची. 1961 पासून ती मद्रासमध्ये स्टँडर्ड हेराल्ड या नावाने तयार होऊ लागली. त्या काळात याच किमतीच्या बहुतेक गाड्यांना मागे सरळ, अखंड ॲक्सल असायचा. हेराल्डला मागची दोन्ही चाकं स्वतंत्र दिली होती. डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) चॅसीला पक्कं बसवलेलं, त्याच्या डोक्यावर एकच आडवा पाटा, आणि दोन्ही बाजूंना एकेक हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा. प्रत्येक शाफ्टला क्रॉस (वाकू देणारा सांधा) फक्त आतल्या टोकाला, डिफरन्शियलजवळ. बाहेरच्या टोकाला चाक शाफ्टशी काटकोनातच राहतं. म्हणजे चाक वर-खाली झालं की ते कलतंच. गाडी मागून जितकी वर, तितकी चाकं खालून आत आणि वरून बाहेर. हा पॉझिटिव्ह कॅम्बर. गाडी बसलेली असेल तर उलट, वरून आत, म्हणजे निगेटिव्ह.

वळणात बाहेरच्या टायरवर आडवं बल येतं. ते जमिनीवर, क्रॉसच्या बरंच खाली लागतं आणि त्या चाकाला गाडीखाली ढकलायला बघतं. गाडी त्यामुळे मागून उचलली जाते. उचलली की कॅम्बर आणखी पॉझिटिव्ह होतो, टायरची पकड कमी होते. त्याच क्षणी पाय उचलला किंवा ब्रेक मारला तर वजन पुढे जातं, मागचा भाग आणखी हलका होतो आणि गाडी मागच्या चाकांच्या चवड्यांवर उभी राहिल्यासारखी होते. फोक्सवॅगन बीटल आणि सुरुवातीच्या शेव्हर्ले कॉर्व्हेअरमध्येही हाच दोष होता. रचना तीच म्हटल्यावर वागणूकही तीच.

यातून एक गोष्ट निघते आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: हेराल्ड मागून उंच असणं हाच मुळात बिघाड आहे. आपल्याकडे खड्डे आणि गतिरोधक म्हणून गाडी उंच करण्याकडे कल असतो. पाट्याच्या दुकानात कमान चढवून, वर एक पान वाढवून देतात. ॲम्बेसेडरला किंवा जीपला ते चालतं, कारण त्यांचा ॲक्सल अखंड आहे, उंची वाढल्याने चाकं कलत नाहीत. हेराल्डला तेच केलं की गाडी उभी असतानाच चाकं पॉझिटिव्ह कॅम्बरमध्ये असतात, आणि वळणात जे शेवटी व्हायचं ते सुरुवातीलाच होतं. थोडा बसलेला जुना पाटा नव्या उंच पाट्यापेक्षा सुरक्षित असतो, हे पटायला जड जातं, पण तसंच आहे.

एक खात्री आधी करा. गाडीखाली डोकावून पाहा, मागचा पाटा आडवा आहे का? काही गाड्यांना नंतर कोणीतरी अखंड ॲक्सल बसवलेला असतो. शिवाय 1972 च्या सुमारास आलेल्या स्टँडर्ड गॅझेलला कंपनीनेच अखंड ॲक्सल दिला होता. तिला यातलं पाट्याबद्दलचं काहीच लागू नाही.

कॅम्बर मोजणे

यासाठी कुठलंही मशीन लागत नाही. गवंड्याचा ओळंबा आणि पट्टी पुरे. पण मोजण्याआधी गाडी किमान 8-10 मीटर पुढे, तेवढीच मागे ढकला. जॅकवरून उतरवलेल्या हेराल्डची मागची चाकं आत दुमडलेलीच राहतात, टायर जमिनीवर आडवे सरकू शकत नाहीत, आणि गाडी फिरवेपर्यंत ती खरी उंची घेत नाही. बऱ्याच वर्कशॉपमध्ये इथेच चूक होते. गाडी जॅकवरून काढली, बघितलं, "पाटा अजून कडक आहे, बसेल" असं म्हणून सोडून दिली. किंवा उलट, चांगली असलेली गाडी उंच दिसली म्हणून पाटा पुन्हा काढला.

सपाट फरशीवर, पेट्रोल साधारण अर्धी टाकी, चालवणारा सीटवर बसलेला. टायरच्या बाहेरून ओळंब्याची दोरी अशी सोडा की ती चाकाच्या मध्यातून जाईल. रिमच्या वरच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा, मग खालच्या कडेपासून. 13 इंची रिमच्या दोन कडांमधलं अंतर साधारण 350 मिमी येतं, म्हणजे वर-खालच्या मापातला 6 मिमीचा फरक म्हणजे जवळपास 1 अंश. वरचं अंतर जास्त असेल तर चाक वरून आत आहे, निगेटिव्ह. खालचं जास्त असेल तर पॉझिटिव्ह.

फक्त चालवणारा बसलेला असताना शून्य ते 2 अंश निगेटिव्ह, म्हणजे वरचं अंतर 0 ते 12 मिमी जास्त, इथे गाडी असायला हवी. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. पॉझिटिव्ह आलं तर घाटात नेण्याआधी पुढचं काम करा. 3-4 अंश निगेटिव्ह आलं तर पाटा खरोखर थकला आहे. वळणात ती गाडी फार दगा देणार नाही, पण टायर आतून झिजतील आणि खड्ड्यात मागचा भाग खाली आदळेल.

गाडी उंच का राहते

पाट्याची कमान हे एक कारण झालं. पण पाट्याला हातही न लावता गाडी उंच राहण्याची किंवा वळणात जास्त उचलण्याची आणखी तीन कारणं असतात आणि त्रास परत येण्याचं मूळ बहुधा यांत सापडतं.

पहिलं म्हणजे रबर बुशचे बोल्ट चुकीच्या वेळी आवळणं. पाट्याच्या डोळ्यातले (टोकाच्या भोकातले) आणि रेडियस आर्मचे (चाक पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश रबराचे आहेत, त्यांचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. बुश फिरत नाही, पिळला जातो. गाडी घोडीवर असताना, चाकं लोंबकळत असताना बोल्ट कसले तर त्या लोंबत्या स्थितीलाच बुश आपली मूळ जागा मानतो. गाडी जमिनीवर आल्यावर ते सगळे बुश मिळून तिला वर ढकलत राहतात. काही आठवड्यांत रबर फाटतं, गाडी एकाएकी बसते, खडखडाट सुरू होतो, आणि पुन्हा नवे बुश. योग्य पद्धत अशी: सगळे बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, फिरवून आणा, मागे दोन माणसं बसवा आणि मग पाना लावा. गाडीखाली हात पोचायला अवघड जातं, पण खड्डा किंवा रॅम्प असेल तर जमतं. हे एक काम नीट झालं तर निम्म्या तक्रारी परत येत नाहीत.

दुसरं, गंजून एकमेकांना धरलेली पाट्याची पानं. पाट्याच्या टोकांशी पानांमध्ये रबराच्या छोट्या गोट्या असतात. त्या झिजून पडल्या की लोखंड लोखंडावर घासतं, कोकणातल्या पावसात गंज धरतो, आणि पाटा कुठेही अडकून राहतो. मागच्या बाजूला बसून गाडी दाबा आणि सोडा. ती प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर थांबत असेल तर हेच झालंय.

तिसरं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: दुसऱ्या गाडीचे शॉकअप. हेराल्डमध्ये मागचं चाक खाली किती लोंबायचं याची मर्यादा मागचा शॉकअपच ठरवतो. वेगळा थांबा नाही. मूळ शॉकअप मिळत नाही म्हणून डोळे जुळतात तो कुठलाही बसवला आणि त्याची पूर्ण ताणलेली लांबी मूळपेक्षा जास्त असली, तर वळणात चाक आणखी आत दुमडू शकतं. बाजारातून घेताना जुना शॉकअप सोबत न्या, दोन्ही पूर्ण ओढून डोळ्यापासून डोळ्यापर्यंत लांबी ताडून पाहा. नवा लांब असेल तर घेऊ नका, कितीही चांगल्या कंपनीचा असो.

याच कारणाने शॉकअप सोडून चाक मोकळं लोंबवायचं नाही. क्रॉस त्याच्या मर्यादेपलीकडे जातो आणि योक (क्रॉसचे दोन्ही बाजूंचे काटे) एकमेकांवर अडतात.

पाटा काढून दुरुस्त करणे

चॅसी घोड्यांवर, पुढची चाकं अडवलेली. मागची चाकं काढा, दोन्ही बाजूंच्या उभ्या लिंकखाली (चाकाला धरणाऱ्या उभ्या तुकड्याखाली) जॅकचा आधार द्या, मग शॉकअपचा खालचा बोल्ट आणि पाट्याच्या डोळ्याचा बोल्ट सोडवा. जॅक हळूहळू खाली घ्या, ब्रेकच्या रबरी नळीवर ताण येऊ देऊ नका. मागची सीट काढली की पत्र्याचं एक झाकण दिसतं, त्याखाली पाटा डिफरन्शियलला धरणारे 6 नट आहेत. ते काढण्याआधी पाट्याच्या पुढच्या बाजूला रंगाने खूण करा. पाटा एका बाजूने सरकवून बाहेर येतो.

पाने सुटी करून तारेच्या ब्रशने स्वच्छ करा, प्रत्येक पान भिंगाखाली पाहा, विशेषतः मधल्या भोकाच्या आसपास. तडा असेल तर ते पान बाद. गोट्या सगळ्या नव्या. पानांना ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात द्या. पाट्याच्या दुकानात पाठवायचा असेल तर स्पष्ट सांगा: पानांची संख्या आणि जाडी मूळ तेवढीच, कमान वाढवायची नाही. आधी कोणी वाढवलेलं पान सापडलं तर काढून टाका.

बसवताना स्टडच्या (डिफरन्शियलमध्ये बसणाऱ्या, पाटा धरणाऱ्या दांड्यांच्या) आट्यांना सीलंट लावा, नाहीतर डिफरन्शियलमधलं ऑइल तिथून पाझरतं.

पाटा नवा आहे, चांगला आहे, पण गाडी तरीही उंच आहे, अशा वेळी डिफरन्शियल आणि पाटा यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी ठोकळा घालतात. मधला भाग जितका वर जाईल तितकी गाडी खाली येते. 1 इंची ठोकळा बहुतेकांना पुरतो. पण त्याच्याबरोबर तेवढेच लांब स्टड लागतात. जुन्याच स्टडवर नटचे दोन-तीन आटे पकडून काम भागवलं तर संपूर्ण मागचं सस्पेन्शन त्या दोन-तीन आट्यांवर लटकतं. तसं करू नका.

ट्रायम्फने स्वतः हा दोष नंतर वेगळ्या तऱ्हेने सोडवला. स्पिटफायर मार्क 4 या स्पोर्ट्स गाडीमध्ये पाट्याचं फक्त एक पान घट्ट धरलं आणि बाकीची मध्यावर झुलती ठेवली. तो पाटा हेराल्डला बसतो आणि उचलण्याची खोड जवळजवळ मोडतो. मात्र त्याने मागचा कलण्याचा विरोध कमी होतो, म्हणून पुढे जाड अँटी-रोल बार (गाडी एका बाजूला कलू न देणारा आडवा दांडा) घालावाच लागतो, नाहीतर गाडी वळणात डोलते. दोन्ही एकत्र मागवा किंवा एकही नको.

मागून उचलत नाही, पण गाडी भटकते

ही वेगळी तक्रार आहे, पण लोक दोन्ही एकातच घालतात. मागच्या उभ्या लिंकच्या खाली नायलॉनचे बुश असतात. ते झिजले की मागचं चाक स्वतःच थोडं वळतं आणि स्टिअरिंग धरलेलं असूनही गाडी लेन सोडते. चाक घोडीवर घेऊन पुढून-मागून हलवून पाहा. इथला लांब बोल्ट गंजून नळीत जाम झालेला असतो. हातोड्याने मारून तो निघत नाही आणि लिंकच तडकते. दोन दिवस गंज सोडवणारं तेल टाकत राहा, तरी हलला नाही तर करवतीने दोन्ही बाजूंनी कापून काढा. नवा बसवताना त्याला भरपूर ग्रीस लावा.

मागची चाकं समांतर किंवा अगदी किंचित टो-इनमध्ये (पुढच्या कडा जराशा आत) हवीत. टो-आउट (पुढच्या कडा बाहेर) झालं की गाडी स्थिर राहत नाही. रेडियस आर्मच्या ब्रॅकेटखालच्या शिमांनी (पातळ पत्र्यांनी) हे जुळवतात. एकेक शिम बदला आणि प्रत्येक वेळी गाडी फिरवून पुन्हा मोजा. पुढे रेडियल टायरसाठी टो-इन 0 ते 1.5 मिमी पुरे. स्टिअरिंग रॅक यू-बोल्टने रबरावर धरलेला असतो. इंजिनचं ऑइल गळून ते रबर फुगतं आणि रॅकच आडवा सरकतो. इंजिन बंद ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि रॅकची नळी पाहा. ती जराही हलता कामा नये.

टायर चारही एकाच जातीचे. पुढे रेडियल आणि मागे जुने क्रॉस-प्लाय ही जोडी या गाडीसाठी सर्वांत धोक्याची. रेडियलला पुढे 21 आणि मागे 26 पौंड हवेपासून सुरुवात करा. मागची हवा नेहमी पुढच्यापेक्षा जास्त. पेट्रोल पंपावर सवयीने चारही चाकांत सारखी 30 भरतात, ती भरू देऊ नका. रुंद टायरचा मोहही टाळा. पकड वाढली की आडवं बल वाढतं, आणि त्याच बलाने गाडी उचलली जाते. 145 किंवा 155 रुंदीचे पुरेसे आहेत.

पुढचं ट्रनियन

कॅम्बरच्या दोषाने गाडी फिरते, पण ट्रनियनपाशी (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खालच्या सांध्यापाशी) लिंक तुटली तर पुढचं चाकच बॉडीखाली दुमडतं. त्यामुळे मागचं काम काढलं की हेही त्याच वेळी पाहाच.

पुढच्या उभ्या लिंकचं खालचं टोक आट्यांचं आहे आणि ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतं. स्टिअरिंग फिरवलं की लिंक त्या आट्यांवर फिरते. या जागी ग्रीस नाही, ऑइल लागतं: ईपी 90, आपल्या गॅरेजमध्ये ज्याला नव्वद नंबर म्हणतात तेच गिअर ऑइल. आपल्याकडे निपल दिसलं की ग्रीस मारण्याची सवय आहे. ग्रीस घट्ट होऊन आत बसतं, आट्यांपर्यंत वंगण पोचत नाही, पाणी मात्र पोचतं. लिंक गंजते, आट्यांच्या वरच्या टोकाशी तडा जातो. बहुतेकदा ती हळू वेगात, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना तुटते. वेगात तुटली तर काय होईल ते सांगायला नको.

आधीची खूण एकच: स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही. हेराल्डचं स्टिअरिंग मुळात इतकं हलकं आणि गाडी इतक्या कमी जागेत वळणारी आहे की जडपणा लगेच कळतो.

ग्रीस गनमध्येच नव्वद नंबर भरा. गन थोडी गळेल, चालेल. वरच्या सीलमधून ऑइल बाहेर येईपर्यंत मारा. पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा, आणि मध्ये दर 1500 किमीला. आत आधीच ग्रीस असेल तर वरून ऑइल मारून उपयोग नाही. ट्रनियन उतरवून रॉकेल किंवा डिझेलमध्ये धुवा. लिंकचे आटे कोरडे करून डाय पेनेट्रंटने (तड्यात मुरून तो दाखवणाऱ्या रंगाने) तडा तपासा. कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हे काम करून मिळतं. पृष्ठभागावर गंजाचे खड्डे दिसले तरी लिंक बदला. लिंक आणि ट्रनियन जोडीनेच.

डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत, उजव्या बाजूचे सरळ. बसवताना ट्रनियन पूर्ण आत फिरवा आणि मग बोल्टची भोकं जुळेपर्यंतच मागे घ्या, एका फेऱ्यापेक्षा कमी. जास्त मागे घेतलं तर आटे कमी पकडतात. अजिबात मागे घेतलं नाही तर स्टिअरिंग पूर्ण वळताना अडतं.

प्ले (चाकातला ढिलेपणा) तपासताना ब्रेक दाबून ठेवायला सांगा. वर-खाली पकडून चाक हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर ट्रनियन किंवा वरच्या बॉल जॉइंटचा. बेअरिंगला 0.05 ते 0.2 मिमी ढील ठेवायचीच असते, ती शून्यावर आवळू नका.

घाटात चालवताना

सगळं नीट असलं तरी रचना तीच राहते. ब्रेक आणि खालचा गिअर वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात पाय हलका पण स्थिर. मध्येच पाय उचलायचा नाही, ब्रेक तर नाहीच. उतारावर हे जास्त महत्त्वाचं: आंबोली किंवा वरंधा उतरताना दुसरा गिअर आधीच टाकलेला असावा, म्हणजे वळणात पाय उचलण्याची वेळ येत नाही. मागचा भाग सरकायला लागलाच तर पाय झटकन काढू नका. थोडा ॲक्सिलरेटर तसाच ठेवून स्टिअरिंग सरकण्याच्या दिशेने वळवा.

एकटा चालवणारा, मागे रिकामी सीट आणि रिकामी डिकी ही या गाडीची सर्वांत वाईट अवस्था. मागे दोन माणसं बसली की चाकं निगेटिव्हमध्ये जातात आणि गाडी लक्षणीय शांत होते. म्हणून चाचणी घेताना नेहमी एकट्याने, रिकाम्या गाडीत, ओल्या नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर, आणि ताशी 30 किमीच्या वळणापासून सुरुवात करा.